एकतर्फी अंतर

ब्राझीलच्या आमाझोनास राज्यात, जुरुआ नदीच्या काठी काराउआरी नावाचं एक तालुकावजा गाव आहे. राज्याची राजधानी मानौस तिथून सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आत-बाहेर. पण जुरुआ ही जगातल्या अतिशय नागमोडी नद्यांपैकी एक, त्यामुळे पाण्याने जायचं तर हेच अंतर दुपटीच्या घरात जातं आणि डेकवर झोळ्या टांगलेल्या प्रवासी बोटीला प्रवाहाविरुद्ध आठवडाभर लागतो. बरं, काराउआरी म्हणजे शेवट नव्हे. तिथून आणखी वर, शेपटासारखा लांब दांडा असलेलं छोटं इंजिन लावलेल्या होडीने काही तास, कधी दोन-दोन दिवस गेलं की पंधरा-वीस घरांच्या वस्त्या लागतात. खांबांवर उभी फळ्यांची घरं, एक शाळा, एक प्रार्थनाघर, फुटबॉलचं मैदान, आणि मैदान संपतं तिथून सुरू होणारं सदाहरित जंगल. रस्ता नाही. मलेरिया, वेळेवर न पोहोचणारे उपचार, मध्येच सुटणारी शाळा, हातात न टिकणारा पैसा, असे इथले जे काही हाल सांगितले जातात, त्या सगळ्यांच्या मुळाशी हे अंतर आहे असं आपण धरून चालतो. अंतर खरं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कारण म्हणून ते पुरत नाही, कारण ते दोन्ही दिशांनी सारखं नाही. गावातून काही न्यायचं असतं तेव्हा ते आखडतं आणि गावाला काही द्यायचं असतं तेव्हा लांबतं. गेल्या दीडशे वर्षांत हे इतक्यांदा घडलं आहे की त्याला योगायोग म्हणणं कठीण आहे.

रबराचंच पाहा. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला रबर टिकाऊ करायची युक्ती सापडली, १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेला टायर केला, आणि आमाझोनच्या जंगलात विखुरलेल्या एका झाडाचा चीक एकाएकी जगाच्या गरजेचा झाला. त्या काळात जुरुआ आणि पुरुस नद्यांच्या अगदी वरच्या अंगाला, जिथे आज आरोग्यसेवकाला पोहोचता येत नाही असं सांगतात, तिथे वाफेच्या बोटी पोहोचत होत्या. लिव्हरपूलहून थेट मानौसला आगबोटींची नियमित फेरी होती. मानौसमध्ये विजेच्या ट्राम धावत होत्या आणि १८९६ मध्ये तिथे संगमरवर, झुंबरं वगैरे युरोपातून आणवून ऑपेराघर उघडलं. या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला एकटा सेरिंगेरो, म्हणजे रबर गोळा करणारा मजूर होता. १८७७ पासूनच्या भीषण दुष्काळात सेआरा आणि आसपासच्या ईशान्येकडच्या प्रांतांतून जगायला म्हणून आलेल्या हजारोंपैकी तो एक. पहाटे अंधारात तो पाऊलवाटेने निघे, शंभर-दीडशे झाडांना तिरप्या चिरा देत, खाली वाट्या अडकवत दुपारपर्यंत फेरी पुरी करी, मग उलट फिरून चीक गोळा करी आणि संध्याकाळी ताडफळांच्या आठळ्या जाळून उठवलेल्या दाट धुरात काठीवर थर चढवत रबराचा काळा गोळा वळत बसे. तो गोळा मालकाच्या वखारीत जाई. मीठ, रॉकेल, काडतुसं, सुरी, सगळं त्याच वखारीतून उधार मिळे आणि भाव दोन्हीकडून मालकच ठरवी. अनेक ठिकाणी मजुराने स्वतःपुरतं पेरायलाही मनाई होती. पेरलं तर तो उधारीवर कसा राहणार? रबराचा गोळा या झोपडीतून लिव्हरपूलच्या गोदीत बिनचूक पोहोचत होता. मजुराला मात्र वखारीच्या वहीतून बाहेर पडायला आयुष्य पुरत नव्हतं.

मग भाव पडला. हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजाने १८७६ मध्ये रबराचं सत्तर हजारांच्या आसपास बी लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचवलं होतं. त्यातून उगवलेल्या थोड्या रोपांच्या वंशजांनी श्रीलंका आणि मलायात मळे उभे केले आणि १९१३ च्या सुमारास आशियाचं रबर ब्राझीलच्या पुढे गेलं. मालक गेले, बोटींच्या फेऱ्या तुटल्या, वखारी ओस पडल्या. मजूर मात्र तिथेच राहिले, कारण परत जायचं भाडं कुणाकडे नव्हतं. आज नदीकाठच्या वस्त्यांतून जे लोक राहतात, ज्यांना तिथे रिबेइरिन्यो म्हणतात, त्यांच्यातले पुष्कळजण या मागे राहिलेल्यांचे आणि स्थानिक आदिवासींचे वंशज. नदी तीच होती, वळणं तीच होती, जंगल तेवढंच घनदाट होतं. फक्त लंडनच्या बाजारातला आकडा बदलला आणि दहा वर्षांपूर्वी जगाच्या व्यापाराच्या मध्यावर असलेली वस्ती जगाच्या टोकाला जाऊन पडली. ज्यांना हे उदाहरण एकटंदुकटं वाटेल त्यांच्यासाठी दुसरं आहे. १९४२ मध्ये जपानने मलाया घेतला, दोस्तराष्ट्रांचं रबर तुटलं आणि आमाझोन पुन्हा एका रात्रीत जवळ आलं. अमेरिकेच्या पैशाने ईशान्येतून पन्नास हजारांच्या आसपास माणसं ‘रबराचे सैनिक’ म्हणून जंगलात पाठवली गेली. युद्ध संपलं तशी व्यवस्थाही आटोपली. रोगराईने आणि उपासमारीने किती गेले याचा धड हिशेब कुणी ठेवला नाही. जे उरले त्यांना निवृत्तिवेतनाचा हक्क मिळाला तो १९८८ च्या राज्यघटनेत, म्हणजे त्रेचाळीस वर्षांनी. माणसं पाठवायला काही महिने लागले, पेन्शन पोहोचायला चार दशकं.

यावर कुणी म्हणेल की रबराच्या आधी तर हे जंगल निर्मनुष्यच होतं, मग ते मुळातच दूर नव्हतं का? विसाव्या शतकात विद्वानांचंही बरंचसं असंच मत होतं. १५४२ मध्ये फ्रान्सिस्को दे ओरेयाना आमाझोन उतरून समुद्राला पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबरच्या कार्वाहाल या पाद्र्याने काठाकाठाने लांबच लांब वसलेल्या गावांचं वर्णन लिहून ठेवलं होतं. पुढे कित्येक पिढ्या ते थापा म्हणून बाजूला टाकलं गेलं. आता जमीनच साक्ष देऊ लागली आहे. खोऱ्यात ठिकठिकाणी काळ्या मातीचे पट्टे सापडतात. त्यात कोळसा, खापरं, माशांची हाडं मिसळलेली असतात. माणसांच्या दीर्घ वस्तीतून तयार झालेली ही माती आजही आजूबाजूच्या लाल, निकस जमिनीपेक्षा कितीतरी सुपीक आहे. शिंगू नदीच्या उगमाकडे खंदक आणि रुंद रस्त्यांनी जोडलेल्या जुन्या गावांचे अवशेष मिळाले. इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात लेसर सर्वेक्षणाने दाखवलेलं, सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचं नगरांचं जाळं २०२४ मध्ये प्रसिद्ध झालं. देवी आणि गोवर या युरोपातून आलेल्या रोगांनी ही माणसं मोठ्या संख्येने मेली आणि त्यांच्या शेतांवर वाढलेलं रान पुढच्या प्रवाशांना अनादी जंगल वाटलं. आणि हे लोक जगापासून तुटलेले होते म्हणावं तर त्यांनी माणसाळवलेलं एक पीक आपल्या स्वयंपाकघरात बसलेलं आहे. कसावाचा कंद आमाझोनच्या नैर्ऋत्य कडेला प्रथम लागवडीखाली आला असं मानतात. आषाढी एकादशीला महाराष्ट्रात जी साबुदाण्याची खिचडी होते तो साबुदाणा आज तमिळनाडूत सेलमकडे याच कंदाच्या सत्त्वापासून बनतो. गोव्याची फेणी ज्या काजूच्या बोंडांची, ते झाडही पोर्तुगीजांनी ब्राझीलहूनच आणलेलं. 

कसावा हेच अजूनही नदीकाठच्या घराचं मुख्य अन्न आणि पुष्कळदा एकमेव विक्रीचा माल. त्याचं काम जवळून पाहिलं की या गावांना अडाणी म्हणणं जड जातं. कडू जातीच्या कंदात सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात. कच्चा खाल्ला तर माणूस मरू शकतो. म्हणून कंद ओढ्याच्या पाण्यात तीन-चार दिवस भिजत घालतात, नरम झाले की साली काढून किसतात. तो ओला कीस तिपिती नावाच्या, वेताच्या विणलेल्या लांबट नळीत ठासून भरतात. नळीचं वरचं टोक आढ्याला अडकवलेलं, खालच्या टोकात एक लांब दांडा. दांड्यावर घरातली बाई बसते. नळी ताणली जाते, आत आवळते आणि पिवळसर विषारी रस थेंब थेंब खालच्या भांड्यात पडतो. तो रसही फेकत नाहीत. बराच वेळ उकळला की विष उडून जातं आणि माशाच्या कालवणाला आंबट पाणी मिळतं. उरलेला चोथा चाळून पुरुषभर रुंदीच्या लोखंडी कढईत लाकडी वल्ह्याने अखंड हलवत तासन्‌तास भाजायचा. हात थांबला की करपला. असं पिवळं, कडकडीत, महिनोन्‌महिने टिकणारं भरड पीठ पोत्यात भरलं जातं आणि मग सगळं येऊन अडतं ते पोतं कोण, कुठे, कितीला घेणार यावर. काठाकाठाने हिंडणारा बोटवाला व्यापारी ते घेतो. त्याच्याच बोटीत साखर, साबण, बॅटऱ्या, पेट्रोल असतं. दोन्ही भाव त्याच्या तोंडी. वखार गेली, मालक गेला, पण वही बोटीवर चढून अजून फिरते आहे.

अंतर नेमकं कशाचं बनलेलं असतं हे पाहायचं तर सर्पदंशाचं उदाहरण मला सगळ्यात बोलकं वाटतं. आमाझोनात सर्वाधिक दंश जराराका या घोणसाच्या कुळातल्या सापाचे होतात. रबराच्या किंवा शेताच्या वाटेवर पालापाचोळ्यात तो दिसत नाही. विष रक्तावर आणि मांसावर काम करतं. पहिल्या काही तासांत लस मिळाली तर माणूस आणि पाय दोन्ही वाचतात. लस ब्राझील स्वतः बनवतो, साओ पावलोची बुतांतान संस्था या कामात शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि ती सरकारी रुग्णालयात फुकट मिळते. अडचण अशी की ही लस द्रवरूपात असते आणि दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. म्हणून ती तालुक्याच्या गावी, फ्रीज आणि डॉक्टर असतील तिथेच ठेवली जाते. दंश मात्र फ्रीजपासून होडीने एक-दोन दिवसांवर होतो. आता हे अंतर भूगोलाचं की विजेचं? मुंबईत परळच्या हाफकिनसह भारतातल्या उत्पादकांनी इथल्या सापांवरची अशीच लस गोठवून-वाळवून भुकटीच्या रूपात बनवली. ती फ्रीजवाचून टिकते. आपल्याकडे सर्पदंशाने माणसं मरत नाहीत असा याचा अर्थ नव्हे, फार मरतात. पण एका तांत्रिक निर्णयाने होडीचे दोन दिवस वजा होऊ शकतात एवढं यातून दिसतं. आणि तो निर्णय नदीच्या वळणांवर अवलंबून नाही.

वीज तरी कुठे नाही? शिंगू नदीवरचं बेलो मोंते धरण ११,२३३ मेगावॉट क्षमतेचं आहे. त्याची वीज दोन हजार किलोमीटरहून लांब उच्चदाब वाहिन्यांनी दक्षिणेकडच्या औद्योगिक राज्यांत नेली आहे. त्या वाहिन्यांचे मनोरे जंगल, नद्या, डोंगर, सगळं ओलांडून गेले. १९८४ चं तुकुरुई धरण ॲल्युमिनियमच्या कारखान्यांना वीज पुरवत आलं आहे. याच आमाझोनात सुमारे दहा लाख माणसांना सार्वजनिक वीज मिळत नाही असा अंदाज ऊर्जा आणि पर्यावरणाचा अभ्यास करणाऱ्या एका ब्राझिलियन संस्थेने २०१९ मध्ये काढला. ‘सर्वांना प्रकाश’ ही सरकारी योजना २००३ पासून चालू आहे आणि तिने इतरत्र मोठं कामही केलं आहे. पण नदीकाठच्या वस्तीत अजून बहुधा सामायिक डिझेल जनरेटर असतो, संध्याकाळी तीन-चार तास चालणारा, डिझेल संपेपर्यंत. मनोऱ्यांना दोन हजार किलोमीटर आडवे आले नाहीत. छपरावर बसवायच्या सौर पट्ट्या आणि एका फ्रीजपुरती बॅटरी होडीतून नेता येते, तिला मात्र अंतर आडवं येतं.

इथे एक व्यवहारी आक्षेप येतो आणि तो टाळता येणार नाही. डॉक्टर, शिक्षक, अभियंते अशा ठिकाणी राहायलाच तयार नसतात. सरकार काय त्यांना बांधून ठेवणार? यात तथ्य आहे. पण २०१३ मध्ये ब्राझील सरकारने ‘अधिक डॉक्टर’ योजना आणली, क्युबाशी करार केला, आणि जिथे कधी डॉक्टर टिकला नव्हता तिथे डॉक्टर राहू लागले. आदिवासी आरोग्य विभागांतले बहुसंख्य डॉक्टर क्युबनच होते. नोव्हेंबर २०१८ मध्ये नवनिर्वाचित अध्यक्षांच्या वक्तव्यांनंतर क्युबाने आपले आठ हजारांहून अधिक डॉक्टर परत बोलावले आणि काही आठवड्यांत ती ठिकाणं पुन्हा ‘पोहोचायला अशक्य’ झाली. त्या पाच वर्षांत नद्या सरळ झाल्या नव्हत्या. क्युबन डॉक्टरांच्या पगाराचा मोठा वाटा त्यांचं सरकार ठेवून घेत होतं, ही टीका मला रास्त वाटते. पण ती वेतनाबद्दलची टीका आहे. तिथे जाणं शक्य आहे की नाही या प्रश्नाचं उत्तर त्या पाच वर्षांनी दिलं.

सगळ्यात जोरदार आक्षेप रस्त्याचा. गाव दूर आहे ना, मग रस्ता करा. १९७० मध्ये लष्करी राजवटीने हेच केलं. ईशान्येतल्या भूमिहीनांना माणसं नसलेल्या भूमीत नेण्याची घोषणा देऊन ट्रान्सआमाझोनिका महामार्ग जंगलात घुसवला. ती भूमी कुणाचीच नव्हती हे तिथे राहणाऱ्या आदिवासींना विचारून ठरवलेलं नव्हतं. पुढे काय झालं ते उपग्रहाच्या छायाचित्रांत कुणालाही दिसतं: मुख्य रस्ता, त्याला काटकोनात फुटलेले आडरस्ते, आणि त्यांच्या दोन्ही अंगांनी माशाच्या काट्यासारखं साफ होत गेलेलं जंगल. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्राझिलियन आमाझोनातली ९५ टक्के जंगलतोड रस्त्यापासून साडेपाच किलोमीटर किंवा नदीपासून एक किलोमीटरच्या आत आढळली. रस्त्याने अंतर कमी झालं यात शंका नाही; लाकूडवाल्याचं, गुरांचे मळे करणाऱ्याचं, खोटी कागदपत्रं घेऊन जमीन बळकावणाऱ्याचं. काठावरच्या कुटुंबाकडे पट्टा नव्हता, ते आणखी आत ढकललं गेलं. आक्रे राज्यात शापुरीचा शिको मेंडेस आणि त्याचे सोबती रबर कामगार हेच रोखायला झाडं तोडणाऱ्या टोळ्यांसमोर बायकामुलांसह उभे राहत. २२ डिसेंबर १९८८ ला त्याला त्याच्या घराच्या मागच्या दारात एका पशुपालक कुटुंबाने गोळी घालून मारलं. त्यानंतर १९९० पासून ‘उपज राखीव क्षेत्रं’ जाहीर होऊ लागली: जंगल सरकारचं, पण वापराचा हक्क तिथे राहणाऱ्यांचा, तोडायचं नाही आणि विकायचंही नाही.

रस्त्याच्या बाजूने अलीकडे एक भावनिक दाखला दिला जातो. जानेवारी २०२१ मध्ये मानौसच्या रुग्णालयांत ऑक्सिजन संपला आणि माणसं गुदमरून गेली. मानौस ते पोर्तो वेल्यो हा १९७६ मध्ये खुला झालेला आणि नंतर चिखलात गेलेला महामार्ग डांबरी असता तर ती वाचली असती असं म्हणतात. दाखला अंगावर येतो, पण तपासून पाहिला की उलटा निघतो. मानौसला व्हेनेझुएलाकडून डांबरी रस्ता होताच आणि त्याच रस्त्याने व्हेनेझुएलाचे ऑक्सिजनचे टँकर आले. आकाराने महाराष्ट्राच्या पाचपट असलेल्या या राज्यात त्या वेळी अतिदक्षता विभागाच्या खाटा फक्त राजधानीत होत्या. आठवडाभराच्या नदीपलीकडच्या तालुक्यातला रुग्ण विमान मिळालं तर मानौसला यायचा, नाहीतर नाही. दक्षिणेकडे जाणारा नऊशे किलोमीटरचा महामार्ग काराउआरीला एकही खाट देत नव्हता. तरी नदीकाठचे बरेच लोक रस्ता मागतात, आणि त्यांना ‘जंगल समजत नाही’ असं शहरातल्या निसर्गप्रेमीने म्हणावं हा आगाऊपणा आहे. लोक रस्ता मागतात तेव्हा बहुतेकदा दवाखाना, शाळा आणि पिठाला भाव मागत असतात. सरकारच्या यादीत या तिन्हींच्या जागी त्यांना रस्ता एवढंच दिसतं.

दुसरं टोक हेही आहे की या लोकांना त्यांच्या सुखात राहू द्या, बाहेरचं जग पोहोचलं की बिघडतं. पेरूच्या सीमेवर जावारी खोऱ्यात संपर्क टाळून राहणाऱ्या आदिवासी गटांची संख्या जगात सर्वाधिक असावी, आणि ब्राझीलने १९८७ पासून त्यांना आपणहून गाठायचं नाही असं धोरण ठेवलं आहे. ते योग्यच आहे. पण ते गट अनादी काळापासून तसेच आहेत ही समजूत बरोबर नाही. रबराच्या काळात पुतुमायो नदीवर आराना या रबर-व्यापाऱ्याच्या, लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीने आदिवासींवर जे अत्याचार केले ते ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंटने १९१० मध्ये जाऊन नोंदवले आणि १९१२ मध्ये त्याचा अहवाल छापला गेला. अशा फटक्यांतून सुटलेल्यांनी ओढ्यांच्या उगमाकडे पळ काढला. त्यांचं दूर असणं हा अनुभवाने घेतलेला निर्णय आहे, आणि तो पाळला पाहिजे. काराउआरीच्या वरच्या वस्त्यांनी असा निर्णय घेतलेला नाही. त्यांना मोटार हवी आहे, फोन हवा आहे, मुलीने नर्स व्हावं असं वाटतं. दोघांना एकाच हिरव्या चित्रात बसवणं बाहेरच्यांच्या सोयीचं आहे, एवढंच.

रस्त्याशिवाय अंतर कमी करता येतं का, याचं उत्तर याच नदीवर मिळतं. नव्वदच्या दशकात काराउआरीच्या नदीकाठच्या उत्पादकांनी संघटना केली, चर्चच्या आणि रबर कामगारांच्या चळवळीतून तयार झालेल्या कार्यकर्त्यांच्या मदतीने. १९९७ मध्ये मध्य जुरुआचं उपज राखीव क्षेत्र जाहीर झालं. संघटनेने स्वतःची बोट फिरती ठेवली: वर जाताना किराणा तालुक्याच्या भावाच्या आसपास पोहोचवायचा, येताना पीठ घेऊन यायचं. फिरत्या व्यापाऱ्याची वही इथे पहिल्यांदा बंद झाली. मग पिरारुकूचा प्रयोग आला. हा दोन-अडीच मीटर लांबीचा, दीड-दोनशे किलोपर्यंत वाढणारा मासा दर दहा-वीस मिनिटांनी श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतो. मामिराउआ या राखीव क्षेत्रातल्या कोळ्यांनी संशोधकांबरोबर बसून असं ठरवलं की तळ्याचे भाग पाडायचे, प्रत्येकाने आपल्या भागात वीस मिनिटं गप्प बसून पाण्याचा उसळा आणि आवाज यांवरून मासे मोजायचे, लहान-मोठे वेगळे. शास्त्रीय पडताळणीत ही मोजणी विश्वसनीय निघाली. १९९९ पासून मोजणीच्या आधारावर सरकार प्रौढ माशांच्या जास्तीत जास्त ३० टक्क्यांपर्यंत पकडण्याची परवानगी देऊ लागलं. जुरुआवर गावांनी पहारा देऊन राखलेल्या तळ्यांत हा मासा खुल्या तळ्यांपेक्षा सुमारे तीसपट असल्याचं २०१६ मध्ये दिसून आलं. त्या पैशातून घरांना पत्रे आले, पाण्याच्या टाक्या आल्या, पहाऱ्याच्या होड्यांना तेल आलं. पण अजूनही माशाचा मोठा नफा मानौसच्या शीतगृहवाल्यांकडे राहतो आणि रात्रभर तळ्यावर जागणाऱ्याची मजुरी किमतीत धरली जात नाही. कोंडी फुटली, पण एकाच बाजूने.

आणि २०२३ मध्ये नदीच आटली. एल निन्यो, तापलेलं अटलांटिक आणि त्यामागची हवामानाची वाढती उष्णता. शास्त्रज्ञांच्या एका गटाने ती शेतीवरची अवर्षणाची झळ मानवनिर्मित तापमानवाढीमुळे तीसपट अधिक संभाव्य झाली होती असं मांडलं. ऑक्टोबरमध्ये मानौसला रिओ नेग्रोची पातळी १२.७० मीटरवर आली, १९०२ पासूनच्या नोंदींतली तोवरची नीचांकी. पुढच्याच वर्षी ती त्याहून खाली गेली. तेफेच्या तळ्यात पाणी चाळीस अंशांच्या आसपास तापून शंभराहून अधिक डॉल्फिन मेले. ज्या वस्त्यांना नदी हाच रस्ता, त्यांच्यापुढे किलोमीटरभर तापलेली वाळू पसरली. पाण्याची पिंपं आणि आजारी माणसं खांद्यावर. शाळा बंद. मासे मोजून झालेले, परवाना हातात, आणि तळ्यातून मोठा मासा बाहेर काढायला पाणीच नाही, असं अनेक गावांत झालं. ज्यांनी जगाच्या धुरात जवळजवळ काहीच भर घातली नाही त्यांच्यावर हे नवं अंतर लादलं गेलं.

शेवटचा आक्षेप पैशाचा, आणि तो खुर्चीतल्या माणसाकडून हमखास येतो: वीस घरांसाठी एवढा खर्च कुठल्या अर्थशास्त्रात बसतो? खर्च मोजायचाच तर दुसरी बाजूही वहीत लिहावी लागेल. रबर, मासा, वीज ही तर दिसणारी देणी. या जंगलातून उठणारी वाफ वाऱ्यांबरोबर दक्षिणेकडे जाते आणि ब्राझीलच्या सोयाबीनच्या आणि उसाच्या पट्ट्यात पाऊस होऊन पडते. ते जंगल उभं आहे ते बरंचसं याच लोकांच्या पहाऱ्यामुळे. आमाझोनास सरकारने २००७ मध्ये या कामाचं मोल ठरवलं. राज्याच्या राखीव क्षेत्रांतल्या कुटुंबांना, नवं जंगल तोडणार नाही या अटीवर, सुरुवातीला महिन्याला ५० रेआल, तेही घरातल्या बाईच्या नावाने. रक्कम बँकेच्या कार्डावर जमा होई. बँक किंवा तिचा प्रतिनिधी तालुक्याच्या गावी. म्हणून पुष्कळ घरांनी दोन-तीन महिन्यांचे पैसे साठू द्यायचे आणि मग एकदाच होडी काढून जायचं असा रिवाज पाडला, नाहीतर जाण्यायेण्याच्या पेट्रोललाच ते पुरले नसते.